निरोप्याचा धर्म

दुसऱ्याचा निरोप जसाच्या तसा पोचवणे ही जगातली फार अवघड गोष्ट आहे. आमच्या आईने सुनेला निरोप धाडला, "आमटीत मीठ किंचित जास्त झालंय." मधे होती आत्या. स्वयंपाकघरात तो पोचला असा: "माहेरी मीठ फुकट मिळतं का, विचारलंय." पुढे दोन दिवस आमटीत मीठच नव्हतं.

हा आगाऊपणा यंत्रांतही आहे. समजा, एका कंपनीचं एक ऑफिस ठाण्याला, दुसरं नागपूरला, आणि मधली लाइन भाड्याची. लाइनवाल्याचे स्विच म्हणजे पोस्टातले सॉर्टर. साधी पाकिटं ते मुकाट्याने पुढे सरकवतात. पण ठाण्याचा स्विच नागपूरच्या भावाला घरगुती पत्र लिहितो, "आपल्या वाटा गोल फिरून परत तिथंच येत नाहीत ना?" या पत्रव्यवहाराला स्पॅनिंग ट्री म्हणतात, रेडिया पर्लमन या बाईंनी तो १९८५ साली शोधला. त्यावरचा पत्ता मोघम असतो: 'भेटेल त्या स्विचला'. झालं! मधला स्विच म्हणतो, "हे मलाच आलं," आणि पत्र स्वतःच ठेवून घेतो. नागपूर बसतं वाट पाहत.

यावर सिस्को कंपनीच्या स्विचांत एक तोड आहे: लेयर टू प्रोटोकॉल टनेलिंग. गिऱ्हाइकाकडे तोंड असलेल्या पोर्टवर सांगून ठेवायचं, की अमुक प्रकारची पत्रं तुझी नव्हेत. मग पहिला स्विच त्यावर निराळा पत्ता घालतो, मधले त्याला साधं टपाल समजतात आणि शेवटचा मूळ पत्ता परत लिहून पत्र हवाली करतो. व्यवस्था दोन्ही टोकांना हवी. नाहीतर नागपूरला ते स्वतःचं पत्र ओळखूच येत नाही.

म्हणजे बघा, पत्ता बदलला, मजकूर शाबूत! माणसं नेमकं उलटं करतात.

पण मग 'मी फक्त पोचवलं' म्हणून हात झटकता येतात का? इथे स्विच आपल्याला शहाणपण शिकवतो. त्याला मर्यादा घालून देता येते. सेकंदाला ठरल्याहून जास्त पत्रं आली की वरची टाकून दे. त्याहीवर गेली तर पोर्टच बंद कर. तो वाचत नाही, पण मोजतो.

आमच्या काउंटरवर तरी वेगळं काय? पैसे कशाला हवेत, हे गिऱ्हाइकाला विचारणारा मी कोण? पण रोखीचा व्यवहार १० लाखांच्या वर गेला की बँकेला तो सरकारला कळवावा लागतो.

तेव्हा मला वाटतं, निरोप्याने डोळे मिटावेत ते मजकुरापुरते. वजन हाताला कळतंच, आणि ते कळलं नाही असं म्हणणारा निरोप्या प्रामाणिक नव्हे, फक्त सोयीस्कर.