पिंपळाखालचे तीन दिवस



गेल्या दिवाळीच्या सुटीत मी मुलाला घेऊन रोहिणखेडहून पुण्याला गेलो होतो. लोक शनिवारवाडा पाहतात. आम्ही आधी खडकमाळ आळीतील जुन्या मामलेदार कचेरीत गेलो. राजे उमाजी नाईक यांना येथल्या कोठडीत ठेवले होते आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी येथेच फाशी दिले. पुरंदरच्या भिवडी गावचे हे रामोशी. त्यांना पकडून देणाऱ्याला इंग्रजांनी १०,००० रुपयांचे इनाम लावले होते. फाशीनंतर त्यांचे प्रेत बाहेरच्या पिंपळाला तीन दिवस टांगून ठेवले. लोकांनी बघावे आणि धसका घ्यावा म्हणून.

मुलाने विचारले, "बाबा, लोक बघायला येत असतील का?"

मी "हो" म्हणालो आणि माझी मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका गावात कापूस चोरल्याच्या संशयावरून एका पोराला विजेच्या खांबाला बांधून मारले. मी शिकलेला, मास्तर. गर्दीच्या मागे उभा राहिलो, बघितले आणि घरी आलो. संध्याकाळी विहारात पंचशील म्हटले. पहिले शील म्हणताना जीभ अडखळली नाही. अडखळायला हवी होती.

आपण म्हणतो, मी कुठे मारले? पण टांगणाऱ्याला बघणारे लागतात. बघायला कोणी आलेच नसते, तर ते प्रेत तीन दिवस टांगून सरकारला काय मिळाले असते?

आता दुसरे तीन दिवस ऐका. सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यात नातेवाइकांनी त्याच्या जिवासाठी रदबदली करावी; ते न साधले तर त्याने दान, उपवास करावा. अशोकाने देहदंड बंद केला नाही, हेही आपण लपवू नये. पण उगारलेला हात तीन दिवस थांबला, तो धम्मामुळे.

तथागत त्याही पुढे गेले होते. प्रसेनजित राजा ५०० घोडेस्वार घेऊन अंगुलिमालाला धरायला निघाला, तर अंगुलिमाल तथागतांजवळ चीवर घालून बसलेला! त्याचे खून पुसले गेले नव्हते. भिक्षेला गेला की लोक दगड मारीत, डोके फुटून तो परत येई, आणि तथागत त्याला सहन कर म्हणत. पण माणूस बदलतो, हे त्यांनी राजालाही मान्य करायला लावले. मनुस्मृतीत ज्या गुन्ह्याला इतरांना प्राणदंड, त्याला ब्राह्मणाला नुसते मुंडन. जन्म पाहून शिक्षा ठरवणारी ती पोथी आपण सोडली, मग खांबाभोवतीची गर्दी का सोडत नाही?

परमपूज्य बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, मृत्युदंडच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, असे स्पष्ट सांगितले. ती शिक्षा कायद्यात आजही आहे. ते काम संसदेचे. खांब मात्र आपल्या गावातला आहे. उद्या तिथे गर्दी जमली तर पुढे व्हा, पोलिसांना बोलवा. काहीच जमले नाही तर निदान आपली लेकरे तिथून उचलून घरी न्या.

परतीच्या एस. टी.त मी मुलाला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग त्या पोराचं काय झालं?" मी चौकशीच केली नव्हती. पुढच्या रविवारी त्या गावी गेलो. त्याच्या आईने ओसरीवर बसवले, पाणी दिले. पोरगा सुरतेला कामाला गेला म्हणाली. मी तेव्हा तिथे होतो, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ठाऊक हाय, मास्तर."