डब्यातली कात्री

आज धनत्रयोदशी. संध्याकाळी धन्वंतरीपुढे धने-गुळाचा नैवेद्य ठेवायचा आणि त्याआधी घरातला औषधांचा डबा उपसायचा, असा नेम मी यंदापासून धरला आहे. कुठल्या पोथीत तो सांगितलेला नाही. पण दिवाळीच्या आवराआवरीत फ्रिजमागची जळमटंही काढणारे आपण या डब्याचं झाकण काही उघडत नाही.

गेल्या वर्षी ते उघडलं, तेही घाईत. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. माझा सात वर्षांचा भाचा अनवाणी अंगणात धावला आणि विझलेल्या फुलबाजीच्या तारेवर त्याचा पाय पडला. विझलेली दिसली तरी ती तार चांगलीच तापलेली असते. पोराने घर डोक्यावर घेतलं. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, पाणी नको लावू, फोड येतील!" हा समज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पक्का बसला आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. भाजलेल्या जागी लगेच नळाचं साधं गार पाणी सोडायचं, तेही वीस मिनिटं. बर्फ नाही, शाई नाही, तूप नाही. त्वचेच्या आत गेलेली उष्णता पाण्याने निघते. पेस्टचा थर दिला की ती आतच कोंडते, आणि नंतर डॉक्टरांना तो थर खरवडून काढावा लागतो तो वेगळाच. भाजलेल्या हातात बांगडी किंवा अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढायची. आलेला फोड फोडायचा नाही.

वीस मिनिटं पोराचा पाय नळाखाली धरून बसणं म्हणजे काय, ते बसल्यावरच कळतं. तेवढ्या वेळात मी मांडीवर डबा उपसत होते. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात निघाल्या कापलेल्या स्ट्रिपा. दुकानदार दहातल्या चार गोळ्या कापून देतो आणि मुदतीची तारीख नेमकी दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. त्यामुळे उरलेली गोळी कशाची आणि कधीपर्यंतची, हे त्या गोळीलाच ठाऊक. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स. बाटली उघडल्यापासून साधारण महिनाभरात टाकून द्यायचे डोळ्यांचे थेंब, आमच्याकडचे दोन पावसाळे पाहिलेले. दगड झालेलं मलम. होऊन गेलेल्या आजारांचं उरलंसुरलं सगळं आम्ही जपून ठेवलं होतं. जखमेवर ठेवायला गॉझचा एक तुकडा मात्र नव्हता. कापूस होता, पण त्याचे तंतू जखमेला चिकटतात. आणि कात्री? ती स्वयंपाकघरात, दुधाची पिशवी कापायला गेलेली.

त्या दिवशी धुतलेला स्वच्छ रुमाल सैलसर बांधून पोराला डॉक्टरांकडे नेलं. पाय बरा झाला. डबा दुसऱ्याच दिवशी रिकामा केला. जुन्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवल्या आणि पिशवीत बांधून कचऱ्यात दिल्या, म्हणजे कुणी उचलून खाणार नाही.

मग भरायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की लागतं फार थोडं. गॉझ, रोलर बँडेज, मुरगळलेल्या पायासाठी क्रेप बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडिनची छोटी बाटली, थर्मामीटर, चिमटा, हातमोजे, टॉर्च, ताप-दुखीसाठी पॅरासिटामॉलची आख्खी, न कापलेली स्ट्रिप. आणि ओआरएसच्या पुड्या. त्यांच्यावर माझा विशेष लोभ. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावला. शंभरात तीसजण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. त्याच मिश्रणाची ही चुलत पुडी आपल्याकडे नाण्यांच्या भावात मिळते. फक्त तिच्यावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी, असं अंदाजपंचे चालत नाही. कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं ओतून द्यायचं.

झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर 108, आमच्या डॉक्टरांचा नंबर आणि सासूबाईंच्या रोजच्या गोळ्यांची नावं. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. साध्या कापण्यातही त्यांचं रक्त लवकर थांबत नाही. जखमेवर कापड दाबून धरायचं आणि सारखं उचलून बघायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. दुपारी त्यांच्यासोबत फक्त कामाच्या मावशी असतात, म्हणून कागद मोठ्या मराठी अक्षरांत आहे आणि डबा कुठे असतो ते मावशींना दाखवून ठेवलं आहे. आधी तो बाथरूमच्या फळीवर होता, तिथली दमट हवा औषधांना मानवत नाही. आता हॉलच्या कपाटात वरच्या खणात आहे. कुलूप नाही, पण भाच्याचा हात पोचत नाही.

मघाशी डबा पुन्हा उपसला. दोन गॉझ कमी भरले, थर्मामीटरचा सेल गेला होता. कात्री जागेवर होती. सासूबाईंनी तिला लाल दोरा बांधून ठेवलाय, स्वयंपाकघरात दिसली तर चोर लगेच कळावा म्हणून.