व्यसन : दोष, आजार आणि जबाबदारी

‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावर कोसळणाऱ्या आपत्तींना व्यसनच म्हटले आहे. मनुस्मृतीत हाच शब्द राजाच्या अठरा दुर्गुणांसाठी येतो. त्यांतील दहा कामातून, तर आठ क्रोधातून उपजतात आणि मद्यपानाची गणना अत्यंत घातक व्यसनांत होते. माणसावर ओढवते तेही व्यसन आणि तो स्वतः ओढवून घेतो तेही व्यसन. व्यसनी माणसाला दोषी मानावे की आजारी, हा पेच या शब्दातच आहे.

हा पेच मूठभरांपुरता नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूच्या त्रासातून सुटण्यासाठी सुमारे ५.७ कोटी लोकांना, तर अफू व हेरॉइनसारख्या पदार्थांच्या त्रासातून सुटण्यासाठी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे.

जुन्या विचारवंतांनी जबाबदारीवर भर दिला. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणारा कायदा अ‍ॅरिस्टॉटलला योग्य वाटला, कारण शुद्ध हरपणे टाळणे त्या माणसाच्याच हाती होते. बौद्ध पंचशीलातील पाचवे शील मद्य वर्ज्य करते ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण म्हणून. भान सुटले की हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य यांपासून दूर राहण्याचा निश्चयही डळमळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तेव्हा मद्य आणि मांस सोडतो.

वैद्यकशास्त्र दुसरी बाजू दाखवते. रोजच्या दारूला मेंदू सरावतो आणि ती मिळाली नाही की शरीर बंड करते. सकाळी हात इतके थरथरतात की कपातला चहा बशीत सांडतो. अंगाला दरदरून घाम फुटतो. घोटभर दारू पोटात गेली की हात स्थिर होतात. त्या क्षणी माणूस चैनीसाठी पीत नसतो. अशा माणसाने एकाएकी दारू सोडली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते. त्याला ‘मनावर घे’ एवढेच सांगणे अपुरे आहे आणि क्रूरही.

तरीही आजार म्हटल्याने जबाबदारी संपत नाही, ती जागा बदलते. पहिला पेला उचलताना असलेले स्वातंत्र्य शंभराव्या पेल्याच्या वेळी उरलेले नसते; पण मदत मागण्याचे स्वातंत्र्य बहुधा शिल्लक असते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांना एकत्र आणणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पहिली पायरी हीच आहे : दारूपुढे आपले काही चालत नाही, हे मान्य करणे. पुढची शपथ जन्मभराची नसते. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढीच असते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने आलेल्यांना आधार देतात.

वारकऱ्याची माळ, भिक्खूचा संघ आणि व्यसनमुक्तांची बैठक यांत एक सूत्र समान आहे : निश्चय एकट्याचा असला तरी तो टिकतो संगतीत. म्हणून सावरण्याची जबाबदारी व्यसनी माणसाची, आणि त्याला न हिणवता हात देण्याची भोवतालच्या समाजाची.