फरशीला नावं

मामेभावाच्या वास्तुशांतीला गेलो होतो. सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, बाल्कनीसमोर टेकडी. प्रसादाचा शिरा खाता खाता मी म्हणालो, "छान आहे रे, पण फरशी जरा निसरडी वाटते." मग स्वयंपाकघरात हवा खेळत नाही, हेही सांगून झालं. लिफ्टही लहान वाटली. परतताना रिक्षात बायको म्हणाली, "आज तुम्ही चार वेळा 'पण' म्हणालात."

"खरं तेच बोललो ना?"

ती रस्त्याकडे बघत राहिली.

फरशी निसरडी होती, यात खोटं काही नाही. पण टेकडी समोर असताना माझं लक्ष फरशीवरच का गेलं?

"मी फार तापट आहे बुवा," असं माणसं चारचौघांत सांगतात, तेही थोड्या तोऱ्यात. "मी हेवेखोर आहे," असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे. षड्रिपूंमध्ये मत्सराचा नंबर शेवटचा, पण सोंगं घेण्यात तो पहिला. कधी चोखंदळपणा होऊन येतो, कधी स्पष्टवक्तेपणा, तर कधी नुसती काळजी. अमरकोशाने असूयेचा अर्थ दिला आहे तो असा: गुणांवरही दोष लादणं. इतक्या जुन्या कोशात माझी त्या दिवशीची दुपार सापडावी, याची गंमत वाटली. लाजही वाटली.

डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकामुळे भावनिक बुद्धिमत्तेचा बोलबाला झाला आणि पुढे कंपन्यांच्या शिबिरांत तो शब्द पार गुळगुळीत झाला. ती कल्पना १९९०मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी पीटर सॅलोवे त्याआधी अभ्यास करत होते तो हेव्याचा. जूडिथ रोडिन यांच्यासोबत त्यांनी १९८४मध्ये दाखवलं की, दुसरा वरचढ ठरला म्हणून माणूस सरसकट जळत नाही. ज्या गोष्टीवरून तो स्वतःची किंमत करतो, तिथे दुसरा पुढे गेला की पोटात दुखतं.

हे वाचलं आणि हिशोब लागला. हाच भाऊ माझ्यापेक्षा कितीतरी चांगला गातो. त्याचं कौतुक मी सगळीकडे करत फिरतो. गाणं माझं नाहीच. घराचं मात्र तसं नाही. वीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर वेळी मालकाच्या चेहऱ्याकडे बघत बसणं. फरशीवर घसरलो तो मी तिथे.

एवढं कळलं म्हणून हेवा गेला, असं काही झालं नाही. तो आहे. फक्त आता त्याला चोखंदळपणा म्हणवत नाही.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "दादा, तू म्हणालास ना हवा खेळत नाही, तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवून घेतो. आणि फरशीचं काय करू?"

म्हणजे थोरल्या भावाचा सल्ला म्हणून त्याने ते मनावर घेतलं होतं. खरं कारण ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. "अरे, काही करू नकोस," एवढंच म्हणालो. "तुझ्या बाल्कनीतून टेकडी काय सुरेख दिसते! परवा सांगायचंच राहिलं."