आईचे स्मरण : स्तुती की प्रार्थना?

मृत आईविषयी खरे बोलावे की केवळ चांगलेच बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे आणि श्रद्धेचाही. अंत्यविधीच्या मिस्सानंतर मुलगा किंवा नात पुढे येऊन दोन शब्द बोलते. आई कष्टाळू होती, तिने सर्वांसाठी केले, स्वतःसाठी कधी काही मागितले नाही, असे सांगितले जाते. त्यात खोटे काही नसते. तथापि ऐकताना आम्हांस पुष्कळदा वाटते की, ज्या स्त्रीला आपण सारे ओळखत होतो, ती या वर्णनात कुठे तरी हरवली आहे. तिचा हट्ट, तिची भीती, तिच्याकडून कळत-नकळत कुणावर झालेला अन्याय, हे सारे गाळून जी उरते ती मूर्ती असते.

आपल्या धर्मग्रामांत हा प्रश्न आता अधिक अवघड झाला आहे. वसईतल्या कित्येक घरांतील आई साठी उलटल्यावर प्रथमच विमानात बसते. मुलगा आखातात किंवा कॅनडात, सून नोकरीला. नातवंडे सांभाळायला घरचे माणूस हवे असते. तिथे भाषा परकी, शेजार परका, चर्चमधील गीतेही परकी. तिने तिथे काय सोसले हे गावाला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा घरालाही नसते. मग तिच्या मागे ‘त्याग’ हा एकच शब्द उरतो.

या विषयाचा विचार करताना आम्हांस संत मोनिकाची आठवण होते. पुत्रासाठी अश्रू ढाळणारी माता म्हणून आपण तिला ओळखतो. ती परदेशी आलेली स्त्री होती आणि आजीही होती, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तिचे गाव थागास्ते, म्हणजे आजच्या अल्जिरियातील सूक अहरास. तिचा मुलगा ऑगस्टीन 383 साली तिला फसवून, रात्रीच्या वेळी कार्थेजच्या बंदरातून रोमला निघून गेला. विधवा मोनिका दोन वर्षांनी समुद्र ओलांडून त्याच्यामागे मिलानला गेली. वाटेत वादळ झाले, तेव्हा खलाशांनाच तिने धीर दिला, असे ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात सांगतो.

मिलानमध्ये तिची खरी परीक्षा लहानसहान गोष्टींत झाली. आफ्रिकेत हुतात्म्यांच्या कबरींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस नेण्याची रीत होती. मिलानच्या द्वारपालाने तिला अडवले, कारण बिशप अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. तिने टोपली बाजूला ठेवली आणि त्यातले देणे गरिबांकडे वळवले. शनिवारच्या उपवासाचा तिचा संभ्रमही असाच होता. मिलानमध्ये शनिवारी उपवास करीत नसत. मग आपण काय करावे? अँब्रोज यांनी उत्तर पाठवले की, आपण रोमला गेलो की तिथल्याप्रमाणे उपवास करतो, मिलानमध्ये करीत नाही. ज्या स्थानिक ख्रिस्तसभेत आपण असू तिची रीत पाळावी. श्रद्धा न सोडता सवय सोडणे हे मोनिकाला पन्नाशी ओलांडल्यावर शिकावे लागले. आज परदेशी असलेल्या आपल्या आयाही हेच शिकत आहेत.

पुढे 386 च्या शरद ऋतूत कासिसियाकुम येथील मळ्यावर ऑगस्टीन, त्याचे शिष्य आणि आप्त तत्त्वचर्चा करीत, तेव्हा घर मोनिका सांभाळत होती. ती केवळ स्वयंपाकघरात राहिली नाही. सुख म्हणजे काय, या प्रश्नावर तिने असे उत्तर दिले की ऑगस्टीनने तिला तत्त्वज्ञानाचा गडच सर केल्याचे श्रेय दिले. त्याच मळ्यावर एका तरुण शिष्याने शौचाच्या जागी स्तोत्र गायले म्हणून तिने त्याला फैलावरही घेतले! या बैठकीत तिचा नातू आदेओदातुस होता. तेव्हा तो 14 वर्षांचा होता. पुढल्या वर्षी ईस्टरच्या रात्री पित्यासह त्याचाही बाप्तिस्मा झाला.

इथवर सारे मंगल आहे. परंतु या नातवाला एक आईही होती. ऑगस्टीनबरोबर ती दीर्घकाळ पत्नीसारखी राहिली होती. तीही आफ्रिकेची, तीही परदेशात आलेली आई. मिलानमध्ये ऑगस्टीनसाठी प्रतिष्ठित घरातील मुलगी पाहण्यात आली, आणि ‘कन्फेशन्स’ सांगते की त्या सोयरिकीसाठी सर्वांत अधिक खटपट मोनिकाचीच होती. त्या लग्नाला अडसर म्हणून या स्त्रीला दूर करण्यात आले. दुसऱ्या पुरुषाचे तोंड न पाहण्याची शपथ घेऊन, मुलाला मागे ठेवून ती एकटी आफ्रिकेला परतली. ठरलेले लग्न तर झालेच नाही. तिचे नावही ऑगस्टीनने लिहून ठेवलेले नाही.

संतपदाला पोहोचलेल्या आईच्या प्रेमाचीही किंमत दुसऱ्या एका आईने मोजली, हे सत्य आहे. त्या काळच्या समाजात अशा संबंधाला विवाहाची प्रतिष्ठा नव्हती, हे खरे. तरीही दुःख हे दुःखच होते. मग मोनिकाचे स्मरण कसे करावे?

याचे उत्तर मोनिकानेच मृत्युशय्येवर दिले आहे, अशी आमची धारणा आहे. 387 साली मायदेशी परतण्यासाठी हे कुटुंब ऑस्तिया बंदरात थांबले असता तिला ताप आला. पतीशेजारी आपले दफन व्हावे म्हणून तिने गावी पूर्वीच जागा ठेवली होती. म्हणून दुसऱ्या मुलाने, तिला मायभूमीत मरण यावे, असे म्हटले. तिने नापसंतीने त्याच्याकडे पाहिले. देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका. मात्र जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, एवढेच तिचे मागणे होते. देवापासून काहीच दूर नाही, अशी तिची श्रद्धा होती. आजाराच्या नवव्या दिवशी, 56 व्या वर्षी ती वारली. नातवाने हंबरडा फोडला.

तिने स्तुती मागितली नाही, प्रार्थना मागितली, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. स्तुती म्हणते, हिशेब पूर्ण झाला. प्रार्थना म्हणते, माझ्या आईला अजून देवाच्या दयेची गरज आहे. म्हणूनच ऑगस्टीन तिचे गुण सांगून थांबत नाही. बाप्तिस्म्यानंतर तिच्या तोंडून आज्ञेविरुद्ध एकही शब्द निघाला नसेल, असे म्हणण्याचे धाडस आपण करीत नाही, अशी कबुली तो देतो, आणि तिच्या पापांची क्षमा मागतो. मृतांसाठी प्रार्थना करण्याची आपली परंपरा मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाइतकी जुनी आहे. निर्दोष माणसाला तिची गरजच काय?

कुणी विचारील, मेलेल्या आईचे दोष काढणे ही कृतघ्नता नव्हे काय? शवपेटीसमोर उभे राहून दोषांची यादी वाचावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आईकडून आपल्याला जमीन मिळते, दागिने मिळतात, तशी तिने दुखावलेली माणसेही वारसाहक्काने मिळतात. तिच्या मायेपोटी एखाद्या सुनेला घर सोडावे लागले असेल, एखाद्या मुलीचा वाटा बुडाला असेल, तर ते ऋण फेडणे हे चौथ्या आज्ञेतच येते. आईचा मान राखणे म्हणजे तिचे अपुरे राहिलेले चांगुलपण पुरे करणे होय.

जिवंत आईच्या बाबतीत हा विचार अधिक लागू आहे. परदेशी नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला, ‘आई, तुला इथे राहायचे आहे का?’ असे कितीजण विचारतात? तिचा होकार गृहीत धरायचा आणि मागाहून त्यालाच त्याग म्हणायचे, यात प्रेमापेक्षा सोय अधिक आहे.

मोनिकाच्या कबरीवरील शिलालेखाचा तुकडा 1945 साली ऑस्तियात सापडला. मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणीत होती. तिचे अवशेष 1430 साली रोमला हलवण्यात आले होते. आज ते तिच्या पुत्राच्या नावाच्या चर्चमध्ये आहेत. मायदेशी ती कधीच परतली नाही. पण वेदीजवळचे तिचे स्मरण सोळा शतकांत खंडित झालेले नाही.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे लिहून वेदीजवळ ठेवतो. आईचे नाव लिहिताना, तिच्यामुळे ज्यांना दुःख झाले त्यांचीही नावे खाली लिहावीत, आणि त्यांपैकी कुणी हयात असेल तर मिस्सा संपल्यावर त्यांच्या घरी जावे.