मागचे दिवे

संगमनेर तालुक्यातला एक शेतकरी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकून, पट्टी खिशात घालून रात्री मोटारसायकलवर घरी निघाला. आळेफाट्याच्या पुढे टायर फुटलेला एक मालट्रक भर रस्त्यात उभा होता. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर नाही, मागे झाडाची एक फांदीसुद्धा टाकलेली नाही. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला आणि तो ट्रकवर आदळला. वय 34. मागे बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

गुन्हा नोंदला गेला तो मेलेल्यावरच. मागून धडकला, म्हणजे चूक त्याची. गावही तेच बोललं.

दहावा व्हायच्या आत ट्रकमालक दोन लाख रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन घरी आला. "ताई, कायद्यानं मी काही देणं लागत नाही. माणुसकी म्हणून देतोय. आमची काही तक्रार नाही, एवढं लिहून सही करा."

थोरला दीर म्हणाला, "घे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." तो वाईट नव्हता. बियाण्याची आणि औषधांची उधारी त्याला दिसत होती.

ती म्हणाली, "दादा, देणं लागत नाहीत तर यांना माझी सही कशाला पाहिजे?"

सही झाली नाही. ती कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत गेली. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. खेड्यातल्या किती बायकांना हे कुणी सांगितलेलं असतं? उलट बाहेरच एकाने तिला गाठलं होतं. मिळेल त्यातले तीस टक्के देत असाल तर सगळं करून देतो म्हणाला. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घ्यायला वकिलांनाही त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, हे तिला आत गेल्यावर कळलं.

वकीलबाई म्हणाल्या, "पोलिसांनी काय लिहिलं एवढ्यावर दावा ठरत नाही. ट्रक कसा उभा होता ते आपण दाखवू. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो. मात्र कायद्याने मुदत सहा महिन्यांची आहे."

तिचा सगळा राग ड्रायव्हरवर होता. त्याच्या भाड्याच्या खोलीवर ती गेली तेव्हा तो उंबऱ्यातच हात जोडून उभा राहिला. "ताई, फांदी टाकायला पाहिजे होती. ती चूक माझी. पण दिवे बंद आहेत हे मी मालकाला निघतानाच कळवलं होतं." त्याने मोबाइल पुढे केला. मालकाचा आवाज स्पष्ट होता, 'खेप टाकून ये, मग बघू.'

दिवे चालू होते असं सांगायला मालकाने त्याला बजावलं होतं. दावा लागल्यावर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर उभा राहिला आणि खरं बोलला. त्याची नोकरी गेली. या गोष्टीत सगळ्यात मोठी किंमत मोजून खरेपणा दाखवला तो या माणसाने, असं मला वाटतं.

उलटतपासणीत दुसरी गोष्ट बाहेर आली. ट्रकच्या परमिटची मुदत संपलेली होती. त्यामुळे विमा कंपनी पैसे भरून ते आपल्याकडून वसूल करील, ही मालकाची भीती होती. स्टॅम्पपेपर त्यासाठीच होता.

न्यायाधिकरणाने दरमहा उत्पन्न 15,000 धरलं. पुढे वाढलं असतं म्हणून त्यात 40 टक्के मिळवले, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला आणि वयानुसार वार्षिक रकमेला 16 ने गुणलं. 30,24,000 रुपये झाले. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी. वेग थोडा जास्त होता म्हणून 20 टक्के चूक मृताची धरली, उरलेली 80 टक्के ट्रकची. ड्रायव्हर मालकाच्या कामावर होता, म्हणून जबाबदारी मालकापर्यंत गेली.

विमा कंपनीने आधी ही 80 टक्के रक्कम व्याजासह भरावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा निकाल झाला. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून राहील.