फॉर्ममधला एक रकाना

मोहन नगरातल्या आमच्या गच्चीवर बोलणं सलग होत नाही. दुर्ग स्टेशनाकडून मालगाडी निघाली की ती पुरती जाईपर्यंत गप्प बसावं लागतं. भाचीला हे लहानपणापासून ठाऊक आहे. तिनं गाडी जाऊ दिली आणि मग विचारलं,

"मामा, तुम्ही बी.ए. प्रायव्हेटच केलंत ना? मग मला का अडवता?"

बारावीत तिला चांगले गुण मिळालेत. दुर्गच्या तामस्कर महाविद्यालयात, म्हणजे इथले सगळे ज्याला साइन्स कॉलेज म्हणतात तिथं, बी.एस्सी.ला जागा मिळेल. घरात मात्र वेगळं ठरत आलं आहे. बी.ए.चा प्रायव्हेट फॉर्म भरायचा, कॉलेजचं तोंड फक्त परीक्षेपुरतं पाहायचं आणि मधला सगळा वेळ पीएससी नि व्यापम या सरकारी नोकरीच्या परीक्षांच्या तयारीला द्यायचा. विज्ञान घरी बसून होत नाही, प्रॅक्टिकल असतात, म्हणून विषयही सोडायचा. रसायन तिचा आवडता विषय आहे.

"अडवत नाही गं. त्या वाटेनं मी गेलोय, म्हणून सांगतोय."

१९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, त्याच सुमारास माझे वडील भंडाऱ्याहून इथं आले. मी आयटीआय करून कारखान्यात लागलो, रेल मिलमध्ये तिन्ही पाळ्या केल्या, आणि रात्रपाळीहून आल्यावर कुंजी वाचून इतिहासात पदवी घेतली. तिचा मला आजही अभिमान आहे.

"मग बिघडलं काय?" तिनं विचारलं.

"ते कळायलाच मला वीस वर्षं लागली. सांग बघू, मराठे छत्तीसगडात कधी आले?"

"१७४१, भास्कर पंत, रतनपूरवर स्वारी. १७५८ला बिंबाजी भोसले. १७८७ला ते वारले, पुढं सुभा पद्धत, १८१८पर्यंत." एका दमात म्हणाली. कोचिंगला ती महिनाभर जाऊन आली आहे.

"अगदी बरोबर. मलाही एवढं येत होतं, पेपरात लिहिलं, गुण मिळाले. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथं होतं म्हणून मनातून बरंही वाटायचं. आपण इथं पोटासाठी आलेलो नाही, कधीकाळी हा मुलूख आपलाच होता, असं. एकदा मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत हेच मी एका सोबत्याला सांगत होतो. तो इथल्याच धमध्याकडचा. त्यानं डबा संपवला, हात धुतले आणि म्हणाला, आमच्याकडची म्हातारी माणसं मराठ्यांचं नाव वसुलीबरोबर घेतात. बस, एवढंच. रागानंही नाही म्हणाला. सुभेदार नागपूरहून नेमलेला, त्यानं पैसा नागपूरला पाठवायचा, आणि तो कुणाच्या तरी धानाच्या शेतातून निघायचा, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं. कुंजीत 'सुभा पद्धतीचे दोष' असा मुद्दा होता बरं का. तो मी पाठ करून लिहिलाही होता."

ती काही बोलली नाही.

"कॉलेजात असतो तर असा कुणी माझ्याच बाकावर असता. धमधा, पाटण, गुंडरदेही, सगळीकडून पोरं येतात. अठराव्या वर्षी मी तोंड उघडलं असतं आणि त्याच दिवशी कुणी अडवलं असतं. एकट्यानं अभ्यास केला की आपलं बरोबर काय ते कळतं. चुकतंय काय ते कळायला शेजारी माणूस लागतो, आणि तो आपण निवडलेला नसावा लागतो."

"कोचिंगमध्येही माणसंच असतात."

"पण सगळ्यांना एकच खुर्ची हवी असते."

"म्हणून काय झालं? मला नोट्स देणारी मुलगीही पीएससीच देणार आहे. स्पर्धेतली माणसं एकमेकांना पाण्यात बघतात, असं तुम्ही बाहेरून ठरवून टाकलंत."

मी ठरवून टाकलं होतं, हे खरं. तसं तिला सांगितलं. मग विचारलं, "तिथं अभ्यासक्रमाबाहेरचं काही विचारलंस कधी?"

"नाही. बाकीच्यांचा वेळ जातो. सगळ्यांनी पैसे भरलेले असतात."

"मी म्हणतो ते हेच. तिथला प्रत्येक तास आधीच विकला गेलेला आहे. कॉलेजात दोन तासांमध्ये एक रिकामा तास येतो, त्याला अजून कुणी भाव लावलेला नसतो. लायब्ररीत एक पुस्तक शोधताना शेजारचं हाती येतं. प्रॅक्टिकल फसलं तर का फसलं म्हणून सरांच्या मागं लागता येतं. एनएसएसच्या शिबिराला जाऊन आठवडाभर एखाद्या खेड्यात राहता येतं."

"आणि बहुतेक जण त्या रिकाम्या तासात काय करतात, ठाऊक आहे? मोबाइल बघतात. नाहीतर हजेरी लावून कोचिंगलाच येतात. तुम्ही गेला नाहीत ना मामा, म्हणून तुमचं कॉलेज इतकं सुंदर आहे."

हे मला लागलं. तिनं ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, तरी लागलं. जे मिळालं नाही ते माणूस मनात रंगवत राहतो, आणि ते चित्र मी तिच्या गळ्यात मारतोय का, हा प्रश्न मला पूर्वीही पडला आहे. तरी मी मागं हटलो नाही.

"राजनांदगावचं दिग्विजय कॉलेज पाहिलंस? जुन्या राजवाड्यात आहे, दोन तलावांच्या मध्ये. १९५८ पासून मुक्तिबोध तिथं शिकवायचे. घरात मराठी, कविता लिहायचे हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. समज, त्या वर्षांत राजनांदगावातल्याच कुणी घरी बसून तेच पेपर दिले असते. अभ्यासक्रम तोच, पदवी तीच. फक्त तो माणूस हुकला असता."

"वर्गातल्या किती जणांना ठाऊक होतं ते कोण आहेत? त्यांचा पहिला कवितासंग्रह तर ते गेले त्या वर्षी निघाला, १९६४ला." हे तिच्या पाठात होतं. "म्हणजे समोर बसलेल्यांनाही ते हुकलेच असतील. शिवाय ते स्वतः बी.ए.ला एकदा नापास झाले होते, आणि एम.ए. केलं ते पस्तिशी उलटल्यावर, संसार सांभाळत. तुमचा माणूस तर माझ्याच बाजूचा निघाला."

"बाजू तुझी असेल. पण ओळखू आला नाही तरी माणूस समोर असतो तेव्हा काहीतरी होतं. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई बघ, आपल्या गनियारीच्या. कॉलेज दूरच राहिलं, पण महाभारत त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं, पुस्तकातून नाही घेतलं. ऐकताना त्या पोरीला कुठं ठाऊक होतं, यातून पुढं काय होणार आहे ते?"

"त्यांना शिकायला आजोबांचं अंगण पुरलं, कॉलेज लागलं नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं हळू आवाजात, "आणि त्यांना कुणी विचारलं नाही, याचा उपयोग काय म्हणून."

मग ती मूळ गोष्टीवर आली. तिच्या बाबांचं शिलाईचं दुकान आहे. फॉल-पिकोच्या मशीनवर दुपारी ती बसते. रेग्युलर झाली तर तिथं माणूस ठेवावा लागेल. बारावीवर निघणाऱ्या जागांचीही तयारी तिला करायची आहे, एखादी लागली तर भावाचं पुढचं शिक्षण सुटेल. सरकारी कॉलेजची फी फार नाही, पण तिची दुपार घरात मोजली जाते. माझ्या तरुणपणी माझी दुपारही अशीच मोजलेली होती, आणि त्या वेळी मला कुणी हे सगळं सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो.

"मशीनवरच्या माणसाचा पगार मी देतो," मी म्हणालो. "तीन वर्षं. फंडाचे पैसे पडूनच आहेत."

तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही.

"मामा, रागवू नका. मग तो रिकामा तास तुमच्या पैशांवर असेल. लायब्ररीत बसले तरी आठवेल, मैत्रिणीशी बोलत उभी राहिले तरी आठवेल. तुम्ही काही म्हणणार नाही, ठाऊक आहे. पण मीच हिशेब ठेवीन. मग तो तास रिकामा राहील?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. ज्याला भाव लावलेला नाही अशा वेळाबद्दल मी तासभर बोललो होतो, आणि तो तिला देता यावा म्हणून शेवटी पैसेच पुढं केले होते. देणाऱ्यानं दिल्याचं विसरावं हे माझ्या हातात आहे. घेणारीनं घेतल्याचं विसरावं, हे माझ्या हातात नाही.

"मग बाबांशी तूच बोल," मी म्हणालो. "मी पैसे देतो म्हणून नको बोलूस. मला रसायन शिकायचं आहे, एवढंच सांगून बघ. ते आजवर घरात कुणी म्हटलेलं नाही. तू प्रायव्हेटचं ऐकून घेतलंस, म्हणून त्यांना वाटलं तुलाही तेच हवंय."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर निदान नाही कशाला म्हणताहेत ते त्यांना कळलेलं असेल."

तिनं मोबाइल उघडला. फॉर्म अर्धा भरलेला होता. नाव, जन्मतारीख, बारावीचे गुण. नियमित की स्वाध्यायी, म्हणजे प्रायव्हेट, हा रकाना मोकळा होता. मुदतीला दोन दिवस आहेत.

"तुमच्या त्या सोबत्याला तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"काहीच नाही. भोंगा झाला, आम्ही कामाला गेलो."

"आणि नंतर?"

"नंतर पुष्कळदा विचारलं त्याला. त्याच्या गावी जाऊनही राहिलो. पण तोवर चाळिशी उलटली होती माझी."

खाली ताईनं हाक मारली. भाची उठली आणि जिन्याच्या दारात थांबली.

"आईला आत्ताच काही सांगू नका," ती म्हणाली. "उद्या दुकान बंद करताना बाबा एकटे असतात."